मराठी कादंबरीतला सज्जन

आपल्याकडे कादंबरीविषयी चर्चा सुरू झाली की एक वाक्य हटकून कानावर येते. दुर्जन रंगतो, सज्जन रंगत नाही. परिसंवादात हे कोणी म्हटले की श्रोते माना डोलावतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. सज्जन म्हणजे जणू आमटीतला कढीलिंब. वासापुरता घालायचा आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायचा.

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवून पोट भरतो. शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही, तेव्हा या वाक्याची तात्त्विक मीमांसा माझ्याकडून व्हायची नाही. परंतु असा दुहेरी धंदा करणाऱ्याला ते नुसती मान डोलावून सोडूनही देता येत नाही. सज्जन माणूस कागदावर जिवंत होत नसेल तर कारणे दोनच संभवतात. एक तर लिहिणाऱ्याचा हात कच्चा आहे, किंवा सज्जनपणातच काही जीव नाही. दुसरे खरे असेल तर मोठीच पंचाईत. मग रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहून मी मुलांना देतो तरी काय? चांगले वागले म्हणजे आयुष्य चांगले होते असे आपण त्यांना सांगतो. पण ते खरोखर होते की नाही याची झडती घ्यायला कादंबरीइतकी सोयीची जागा नाही. कीर्तनकाराला दृष्टान्तापुरता एक प्रसंग पुरतो. कादंबरीला अख्ख्या जन्माचा जमाखर्च मांडावा लागतो, आणि शेवटी शिल्लक काय उरली तेही दाखवावे लागते. म्हणून चार-पाच मराठी पुस्तकांकडे या एकाच दृष्टीने पाहावे असे फार दिवस मनात होते.

जिथे सज्जन रंगलेला नाही असे मलाही वाटते, ते उदाहरण आधी घेतो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले, आणि गावोगावच्या वाचनालयांत तिच्या प्रती अजून हातोहात फिरून मऊ झालेल्या दिसतात. या कादंबरीची रचना पाहा. कथा सांगणारे तिघे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. कोणी आपली वखवख सांगतो, कोणी अहंकार, कोणी दुःख. आणि तिघेही आपल्याला पटतात. कचाला मात्र निवेदन नाही. ज्याच्यावर कादंबरीतल्या साऱ्या संयमाचा भार, तो कच आपल्याला दिसतो तो दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. तो येतो, बोलतो, समजावतो आणि जातो. देवयानीला नाही म्हणताना त्याच्या मनाची काय दशा झाली हे आपल्याला त्याच्या एकांतात बसून पाहायला मिळत नाही. कोणत्या रात्री त्याचा संयम सुटता सुटता राहिला? कोणावर तो उगाच चिडला? हे प्रश्न विचारावेत असेही वाचकाला वाटत नाही, इतका तो स्वच्छ आहे. खांडेकर स्वतः शिरोड्याला अनेक वर्षे शिक्षक होते, आणि शिक्षकाचा हात नकळत फळ्याकडे जातो हे मी खात्रीने सांगू शकतो. कचाला त्यांनी फळ्यावर लिहिले. ययातीला घरात ठेवले, म्हणून ययाति अजून जिता आहे.

यावरून सज्जन रंगत नाही हे सिद्ध झाले काय? मला वाटते, सिद्ध झाले ते इतकेच की ज्याला कोणाची गरज नाही असा सज्जन रंगत नाही. कच जवळजवळ पूर्ण होऊनच आपल्यासमोर येतो. त्याला कोणाकडून काही घ्यायचे नसते, नुसते द्यायचे असते. असा एखादा गृहस्थ आपल्याही आळीत असतो, आणि त्याच्या दारावरून जाताना आपली चाल जरा लगबगीची होते.

आता अगदी दुसरे पुस्तक. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढले; ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. ही कादंबरी की आत्मचरित्र, हा वाद मला इथे घालायचा नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याने मिळवले. तेव्हापासून या पुस्तकाभोवती इतके अश्रू साचले आहेत की ते पुस्तक म्हणून वाचणेच अवघड झाले आहे. ज्यांना रडू येते ते चिकित्सा करीत नाहीत, आणि जे चिकित्सा करतात त्यांना रडणाऱ्यांची लाज वाटते. त्यात आम्ही शाळावाल्यांनी भर घातली. उतारा वाचून झाला की खाली प्रश्न ठरलेला: या पाठातून तुम्हांला कोणता बोध मिळतो? मुले एका ओळीत बोध लिहितात, दोन गुण पदरात पाडून घेतात, आणि पाठ मिटतो.

पुस्तकात दोष आहेत. बेचाळीस रात्रींपैकी बऱ्याच रात्री आश्रमातल्या मंडळींच्या बोलण्याने सुरू होतात आणि त्या बोलण्यात गोडवा जरा जास्त पडला आहे. मोठा झालेला श्याम गोष्ट सांगून थांबत नाही, तिचे सारही काढून देतो. ती पाने मी भराभर उलटतो. पण लहानगा श्याम घरात वावरू लागला की पुस्तकाची भाषाच बदलते. तिथे पत्रावळ असते, शिंपटी असते, गाय असते, सावकाराचा माणूस असतो. आई बोलत नाही असे नाही, पुष्कळ बोलते; पण तिचे बोलणे हातातल्या कामाला चिकटलेले असते. पोहायला नको म्हणून माळ्यावर लपलेल्या मुलाला ती शिंपटीने फोडून काढते आणि पोहून आलेल्या त्याच मुलाला प्रेमाने दही देते. (शाळेत छडी आता कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच झाले, पण या प्रकरणात मार खाणारा एकच आहे असे समजून ते वाचणाऱ्याने आईकडे नीट पाहिलेले नाही.)

अळणी भाजीचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पहिल्या घासालाच ओळखतात, पण काही बोलत नाहीत. उलट भाजी चांगली झाली म्हणतात. त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प जेवतात. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते. हा भाग मी एकदा वर्गात वाचला. बोध सांगायला भराभर हात वर आले: अन्नाला नावे ठेवू नयेत, कोणाचे मन दुखवू नये. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हात वर न करताच म्हणाली, "गुरुजी, पण मग आईलापण अळणीच खावी लागली ना? कुणीतरी आधी सांगितलं असतं तर तिला मीठ घालता आलं असतं."

वर्ग हसला. मला मात्र ते बोलणे फार मोलाचे वाटले. कारण पुस्तकातली आई नेमकी तशीच चुटपुटते. आपल्या हातचे अळणी अन्न घरच्यांनी मुकाट्याने खाल्ले याचे तिला वाईट वाटते, आणि त्या वाईट वाटण्यातच तिला नवऱ्याचे मनही कळते. वडिलांचा चांगुलपणा जेवताना पुरा झालेला नाही. तो पुरा होतो आईच्या ताटावर, जेव्हा तिला तो उमगतो. ती नसती, किंवा असूनही तिला काही वाटले नसते, तर ते मौन म्हणजे नुसती बेफिकिरी ठरली असती. एक माणूस सद्गुण करतो आणि दुसरा तो झेलतो, असे इथे घडते. चेंडू टाकणारा कितीही चांगला असला तरी समोर कोणी उभे नसेल तर खेळ होत नाही.

हे वडील म्हणजे काही आदर्श पुरुष नव्हेत, हेही ध्यानात घ्यावे. घराण्याची खोती, भाऊबंदांचे तंटे, कर्जाचे वाढते व्याज. त्यांच्या हातून व्यवहार बिघडत जातो आणि शेवटी गावात दवंडी पिटली जाऊन घराची अब्रू चव्हाट्यावर येते. अळणी भाजी गोड मानून खाणारा तोच माणूस बायकोला कर्जाच्या नरकात लोटतो. साने गुरुजी ही गोष्ट लपवीत नाहीत आणि तिच्यावरून बापाला गुन्हेगारही ठरवीत नाहीत. कच ज्याने रंगवला त्याला हे जमले नसते. सज्जनपणा माणसाच्या एका कोपऱ्यात असू शकतो, आणि दुसऱ्या कोपऱ्यात अंधार असू शकतो, हे मान्य केल्याशिवाय सज्जनाला रक्तमांस येत नाही.

आणखी एक प्रसंग. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी वाटेत खोळंबली आहे. तिची लाकडांची मोळी खाली पडली आहे आणि ती पुन्हा डोक्यावर चढवायला कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आज हे वाचताना शेवटच्या वाक्यापाशी आपण अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. म्हातारीला मदत करायची आणि मग तिचा स्पर्श धुऊन टाकायचा, यात कसला आला सद्गुण? पण साने गुरुजींनी ते वाक्य गाळले नाही. आईला देवी करायची असती तर ते सहज गाळता आले असते. आईचा हात जेवढा पुढे जाऊ शकला तेवढा त्यांनी दाखवला, आणि जिथे थांबला तेही दाखवले. पुढचे काम मुलाचे होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि ते मंदिर उघडले. पालगडच्या त्या वाटेवर आंघोळीची अट घालून शिकवलेला धडा चौदा-पंधरा वर्षांच्या पुस्तकी स्मृतीतून पंढरपुरात आला तेव्हा त्यातली अट गळून पडली होती. आई जे शिकवते ते सारे मुलाने जसेच्या तसे ठेवले असते तर तो आज्ञाधारक ठरला असता. सद्गुणी ठरला असता की नाही याची मला शंका आहे.

मोळी डोक्यावर घेणारी एकटी चालू शकते. पण ती चढवायला दुसरा हात लागतो. लाकूडफाटा वाहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. 'श्यामची आई'चे सारे यश मला या एका गोष्टीत दिसते: इथे कोणताही चांगुलपणा एकट्याचा नाही. तो कायम दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आई आणि मुलाच्या, नवरा आणि बायकोच्या, श्याम आणि त्या म्हातारीच्या. त्याने आईचे आयुष्य सुखाचे झाले काय? मुळीच नाही. ती दारिद्र्यात, कर्जात, तापात झिजून जाते आणि श्याम पोचतो तेव्हा तिची राख झालेली असते. तरीही पुस्तक मिटताना तिचे आयुष्य वाया गेले असे कोणाही वाचकाला वाटत नाही. का वाटत नाही, हे नीट सांगता यायला हवे. मूल पुढे मोठे झाले म्हणून, असे उत्तर देणारे बक्षिसाच्या भाषेत बोलतात. माझे उत्तर वेगळे आहे. तिने जे जे केले ते कोणीतरी वेळीच झेलले. तिच्या जन्माला साक्षीदार होता, आणि तो नुसता पाहत नव्हता, मार खात होता, पत्रावळ लावत होता, मोळी उचलत होता.

सद्गुणाच्या नावाखाली आपल्याकडे जे खपवले गेले त्याचीही इथे नोंद करायला हवी. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' १८९० नंतर 'करमणूक'मधून क्रमशः लिहिली तेव्हा ते काम जवळजवळ पुरे करून ठेवले. यमूची आई सोशिक आहे. इतकी की तिचे सोसणे हे घरातल्या इतरांच्या आरामाचे साधन होऊन बसते. सोसणे हा गुण खरा, पण तो सोयीस्करपणे एकाच बाजूकडून मागितला जातो. शंकरमामंजींसारख्या माणसाला सुनेच्या, भाचीच्या, बायकोच्या अंगी सद्गुण हवाच असतो. त्याचा सगळा संसार त्यावर उभा आहे. इथे चेंडू झेलणारा कोणी नसतो, तो हिसकावून घेणारे असतात. विधवा यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचल्यानंतर 'सोशिक' हा शब्द स्तुती म्हणून वापरताना माझी तरी जीभ अडते. यापेक्षा अधिक इथे लिहीत नाही. हरिभाऊंवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे.

ज्या कादंबरीने या प्रश्नात मला सर्वांत जास्त छळले ती उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० साली ती आली. वऱ्हाडातले शिंप्याचे घर, नवरा महादेव, बायको कौतिक. कौतिक कष्टाळू आहे, करारी आहे, मुलांनी शिकावे म्हणून धडपडणारी आहे. नवऱ्याच्या अंगी नसलेली उमेद त्याला आपल्या अंगातली काढून देण्याचा ती पुनःपुन्हा प्रयत्न करते. लोकांच्या शेतात राबते. कोणापुढे तोंड वेंगाडत नाही. सद्गुणांची यादी करायची म्हटली तर श्यामच्या आईच्या यादीहून ती तसूभर कमी भरणार नाही. धडाडी जमेस धरली तर कांकणभर जास्तच. आणि या बाईचे होते काय? महादेवाला महारोग जडतो, घर हातातून निसटत जाते, आणि शेवटी तिचे मनही तिच्या ताब्यात उरत नाही. शेळके कुठे हळहळत नाहीत, कुठे तिची आरती ओवाळत नाहीत. वऱ्हाडी बोलीतले ते रोखठोक संवाद पुढे सरकत राहतात आणि आपण चुलीजवळ बसल्यासारखे भाजत राहतो.

या कादंबरीवर काही वाचक असे म्हणताना मी ऐकले आहे की ती निराशावादी आहे. चांगल्या माणसाचे असे वाटोळे दाखवून लेखकाने काय साधले? पण असा प्रश्न आपल्या परंपरेत पहिल्यांदा कौतिकच्या वाचकांनी विचारलेला नाही. वनपर्वात द्रौपदी तो विचारते. रानात आल्यावर ती युधिष्ठिराला म्हणते की धर्म त्याला पाळणाऱ्याचे रक्षण करतो असे मी ऐकत आले, पण तुमचे रक्षण त्याने केलेले मला दिसत नाही. युधिष्ठिराचे उत्तर प्रसिद्ध आहे: मी फळासाठी धर्म पाळत नाही, धर्माचा व्यापार करणारा तो हीन. उत्तर थोर आहेच. पण हे उत्तर देणारा द्यूतात हरलेला आहे आणि प्रश्न विचारणारी भरसभेत ओढली गेलेली आहे, हे विसरून ते वाचता येत नाही. सद्गुणाची किंमत कोणी चुकवली, हा माझ्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

'धग' पुन्हा वाचताना मी ही दोन घरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कौतिकच्या घरी आणि श्यामच्या घरी दारिद्र्य सारखेच आहे. नवरे दोन्हीकडे व्यवहाराला कच्चे. मग एक घर बुडतानाही उजळ का वाटते आणि दुसरे का करपते? जात, प्रदेश, काळ ही कारणे आहेतच. खोतांचे बुडते घर आणि मजुरीवर जगणारे घर यांतले अंतर काही थोडे नव्हे. श्यामच्या आईला गरिबी नंतर आली, कौतिकची ती जन्माची सोबतीण. पण एवढ्याने भागत नाही. मला दिसते ते असे की अळणी भाजी खाणारा माणूस कौतिकला मिळालाच नाही. तिने केलेले कोणी झेलत नाही. तिची धडपड महादेवापर्यंत पोचते आणि तिथेच विझते. तो वाईट नाही, पण त्याच्यात काही पेटतच नाही. ती एकटीच मोळी उचलते, एकटीच वाहते, आणि पडली की एकटीच पुन्हा उचलायला वाकते. माणसाला असे किती दिवस जमेल? कादंबरीचे उत्तर निर्दय आहे, पण ते खोटे नाही. सद्गुण माणसाला वाचवतो असे शेळके म्हणत नाहीत. सद्गुण व्यर्थ असतो असेही ते म्हणत नाहीत, कारण कौतिक उभी असते तोवरच त्या घराला घर म्हणता येते. ती कोसळली की उरतात ती नुसती माणसे.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. त्या घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही आणि कोणी तो सोपा करून सांगू लागला तर माझा त्याच्यावर विश्वासही बसत नाही. पण ज्याने लाखो मुलांना चांगुलपणाची गोडी लावली त्याच्या आयुष्याचा शेवट बाजूला सारून चांगुलपणाने आयुष्य चांगलेच होते असे मी वर्गात सांगू शकत नाही. मुले विचारतातच. मी त्यांना तारीख सांगतो आणि एवढेच म्हणतो की फार चांगल्या माणसांनाही कोणीतरी विचारपूस करणारे लागते.

एवढे लिहिल्यावर व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे यायला हवे, आणि ते काही मास्तरकीच्या लोभाने नव्हे. १९५५ साली आलेली ही छोटीशी कादंबरी. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर. हा मास्तर सद्गुणांचा पुतळा नाही. तो घाबरतो, बुजतो, अंजीच्या चोळीच्या साध्या कामावरून बालट प्रसंगात सापडतो आणि ज्या कारभाऱ्याने त्याला जवळ केले त्याचाच रोष ओढवून घेतो. सगळ्या वाडीने मिळून तालीम बांधायची असे तो मनात घेतो. इथेही उपदेशाला भरपूर जागा होती. संघटन, श्रमदान, ग्रामोद्धार, त्या दशकात हे शब्द हवेतच होते. माडगूळकर तो मोह टाळतात. कोण किती हात लावतो, कोण कुरकुरतो, कोण काड्या घालतो, हे ते सांगतात. आणि तालीम उभी राहते. राजेसाहेब येतात, वाडी नटते. मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे पोटापाठी पांगतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही जातो.

समाजसुधारणेच्या हिशेबाने पाहिले तर ही तालीम वाया गेली. ज्यांनी घुमावे म्हणून ती बांधली तीच पोरे उठून गेली. पण कादंबरी वाचताना तसा हिशेब आपण करीत नाही. सारी वाडी एका कामावर वाकली होती ते दिवस चांगले होते. नंतर दुष्काळ आला म्हणून ते वाईट ठरत नाहीत, आणि दुष्काळाने ते दिवस मागे जाऊन पुसताही येत नाहीत. चांगले आयुष्य हे चांगल्या वागण्याचे पुढच्या महिन्यात मिळणारे वेतन आहे अशी आपली समजूत असते. माडगूळकरांच्या वाडीत ते वेतन कोणालाच मिळालेले नाही. जे काय मिळायचे ते काम चालू असताना, दगड हातातून हातात जाताना मिळून गेलेले आहे.

त्या कादंबरीतला शेकू मला या साऱ्या विवेचनात सारखा आठवत होता. त्याच्याकडे बैल एकच. जोडीला दुसरा बैल मिळेना आणि शेताचे काम तर खोळंबलेले. तेव्हा त्याची थोराड अंगाची बायको पुढे होते आणि दुसऱ्या बाजूने जू आपल्या खांद्यावर घेते. हरिभाऊंच्या डोळ्यांनी पाहिले तर हेही बाईचे सोसणेच, आणि तसे ते आहेही. तो काच माडगूळकरांनी झाकलेला नाही. पण शेकूला त्या कृतीची लाज आहे, काळजी आहे, आणि तिचे मोलही कळलेले आहे. महादेवाला कौतिकचे कधी कळले नाही ते याला कळते. इथे जू एकाच मानेवर नाही. एका बाजूला जनावर, एका बाजूला बायको, आणि मागे नवरा. या तिघांपैकी सज्जन कोण आणि तो रंगला की नाही, असा प्रश्न परिसंवादात कोणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.